उजनीचं हिरवं पाणी वरून कसं दिसतं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात उजनीच्या बॅकवॉटरचे उपग्रहातून घेतलेले दोन फोटो छापले होते आणि सोबत अर्ध्या पानाचं टिपण होतं की तलावातलं शेवाळ आता वरून मोजता येतं. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न छापता फक्त गाव दिलंय.

प्रश्न: आमचं शेत उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, हात घातला तर हाताला हिरवा रंग लागतो, वास येतो. उपग्रहाला यातलं नक्की काय दिसतं? पाणी विषारी झालंय का हे कळतं का? (इंदापूर)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. विष आहे की नाही हे उपग्रहाला कळत नाही. त्याला रंग कळतो, आणि रंग खूप बारकाईने कळतो, आपल्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणजे कसं बघा. शेवाळात हरितद्रव्य असतं म्हणजे क्लोरोफिल, ते निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं, लाल म्हणजे साधारण ६६५ ते ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा (नॅनोमीटर हे प्रकाशलहरीची लांबी मोजायचं माप, त्यावरून रंग ठरतो), आणि हिरवा परत पाठवतं म्हणून पाणी आपल्याला हिरवं दिसतं. पण खरी गंमत त्याच्या थोडं पुढे आहे, ७०० ते ७१० नॅनोमीटरला. तो प्रकाश आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. स्वच्छ पाणी तिथे काळंच राहतं, पाणी हिरवं पडायला लागलं की तिथे एक उंचवटा येतो आणि शेवाळ वाढेल तसा तो उंचवटा वाढत जातो. ६६५ ला खड्डा आणि ७०५ ला उंचवटा, ही जोडी दिसली की शेवाळ आलं असं धरायला हरकत नाही.

आता तुमच्याकडे जे हाताला लागतं ते बहुतेक करून नील-हरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. खरं तर हे बॅक्टेरिया आहेत, शेवाळ नाहीत, पण आपण सगळे शेवाळच म्हणतो तर तसंच म्हणूया. यांच्यात क्लोरोफिलसोबत फायकोसायनिन नावाचं निळसर रंगद्रव्य असतं आणि ते ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. ज्या उपग्रहावर ६२० चा बँड, म्हणजे तेवढाच रंग वेगळा मोजणारा पट्टा, आहे, उदाहरणार्थ युरोपचा सेंटिनेल-३, त्याला साधं हिरवं शेवाळ आणि नील-हरित शेवाळ यातला फरक बऱ्यापैकी ओळखता येतो. पण त्यातल्या काही जाती विष बनवतात, काही बनवत नाहीत, आणि विष बनवणारी जातसुद्धा रोज सारखंच बनवते असं नाही. मायक्रोसिस्टिन नावाचं जे लिव्हरवर परिणाम करणारं विष आहे त्याला स्वतःचा असा रंग नाही, त्यामुळे ते वरून दिसणार नाही, त्यासाठी पाणी बाटलीत भरून लॅबलाच न्यावं लागतं.

आणि उजनीतच इतकं का होतं, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेचं सगळं उजनीत येऊन थांबतं, त्यात वरच्या शेतांमधलं खत. फॉस्फरस आणि नायट्रोजन भरपूर, पाणी थांबलेलं, वर ऊन. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी असला तरी त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा आहे, आणि उन्हाळ्यात पातळी उतरत जाते तसं बॅकवॉटर उथळ आणि गरम होत जातं. शेवाळाला अजून काय पाहिजे! यात शेवाळाचा काही दोष नाही, जे वरून सोडलं गेलं तेच हिरवं होऊन वर आलंय, आणि हे खालच्या लोकांनी वर्षानुवर्षं का सोसायचं हा प्रश्न पुण्यातल्या वाचकांनीही स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत एवढं करा, पाण्यावर साय धरल्यासारखा हिरवा तवंग असेल तर त्या काठावर जनावरं पाजू नका, पोरांना पोहायला सोडू नका. असं पाणी पिऊन जनावरं मरण्याची पहिली शास्त्रीय नोंद १८७८ ची आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराची, जॉर्ज फ्रान्सिस यांनी ती 'नेचर'मध्ये लिहिली होती. म्हणजे हे माहीत होऊन जवळपास दीडशे वर्षं झालीत.

प्रश्न: रंकाळ्यात कधी जलपर्णी असते कधी पाणी हिरवं होतं. उपग्रहाच्या फोटोत दोन्ही हिरवंच दिसणार ना? मग फरक कसा करणार? (कोल्हापूर)

अगदी बरोबर प्रश्न, आणि इथे भलेभले फसतात. नेहमीचा वनस्पती निर्देशांक, एनडीव्हीआय, लावला तर जलपर्णीही चमकते आणि दाट तवंगही चमकतो.

फरक करायला मी तीन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे कडा. जलपर्णीच्या गालिच्याची कड ठळक असते, इथे आहे आणि इथे नाही असं बोट ठेवून सांगता येतं, तर शेवाळ पाण्यात विरघळल्यासारखं पसरतं, वाऱ्याने त्याचे पट्टे आणि भोवरे होतात, मध्ये गडद आणि बाजूला फिकट होत जातं. दुसरी गोष्ट म्हणजे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड. युरोपच्याच सेंटिनेल-२ उपग्रहाचा ११ नंबरचा बँड १६१० नॅनोमीटरच्या आसपास बघतो आणि तो प्रकाश पाणी जवळजवळ पूर्ण पिऊन टाकतं. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर हातभर उभी असतात म्हणून त्या बँडमध्ये ती स्पष्ट उजळ दिसते, शेवाळ पाण्यातच भिजलेलं असतं म्हणून ते तिथे काळपट राहतं. हा एक बँड उघडून बघितला तरी निम्म्या शंका फिटतात. तिसरी गोष्ट वेळ. पाच दिवसांनी परत तीच जागा बघा. जलपर्णी ढकलली जाते पण तिचा आकार ओळखू येतो, तवंग एका वाऱ्यात पूर्ण गायब होऊन दुसऱ्या काठाला लागलेला असू शकतो.

रंकाळा साधारण शंभर हेक्टरचा आहे, त्यामुळे सेंटिनेल-२ च्या २० मीटरच्या पिक्सेलला, म्हणजे फोटोतल्या एका ठिपक्याला, तो छान दिसतो, अडीच हजारांच्या आसपास पिक्सेल मिळतात. सेंटिनेल-३ चा एक पिक्सेल मात्र ३०० मीटरचा, म्हणजे नऊ हेक्टर. त्यात रंकाळ्याचे जेमतेम दहा-अकरा ठिपके आणि त्यातले बहुतेक काठावरचे, ज्यांच्यात अर्धं पाणी आणि अर्धा रस्ता. म्हणून ६२० चा बँड असूनही तो उपग्रह रंकाळ्याच्या कामाचा नाही, उजनीच्या रुंद भागात मात्र कामाचा आहे.

प्रश्न: मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी हा विषय घ्यायचा विचार आहे. डेटा विकत घ्यावा लागतो का? सुरुवात कुठून करू? (छत्रपती संभाजीनगर)

एक पैसाही लागत नाही. युरोपच्या कोपर्निकस ब्राउझरवर फ्री अकाउंट काढ, तिथे सेंटिनेल-२ आणि सेंटिनेल-३ दोन्ही आहेत. आपल्या एनआरएससीचं, म्हणजे इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राचं, भूनिधी पोर्टल आहे, त्यावर आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाचा डेटा मिळतो, पण रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याला ७०५ चा बँड नाही आणि आपल्याला तोच पाहिजे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनाही नाही. लँडसॅटचा फायदा वेगळा आहे, जुनी वर्षं बघायची असतील तर त्याच्याइतका लांबचा इतिहास दुसऱ्या कुणाकडे नाही.

सेंटिनेल-२ घे. बँड ४ म्हणजे ६६५ नॅनोमीटर आणि बँड ५ म्हणजे ७०५. यांच्यावरून एनडीसीआय नावाचा निर्देशांक काढतात, बँड ५ वजा बँड ४, भागिले दोघांची बेरीज. समजा एका पिक्सेलला बँड ४ चं परावर्तन, म्हणजे परत आलेल्या प्रकाशाचा वाटा, ०.०३ आलं आणि बँड ५ चं ०.०५, तर वर ०.०२, खाली ०.०८, उत्तर ०.२५. हे हिरवं पाणी. धरणाच्या भिंतीजवळ खोल पाण्यात बँड ४ ला ०.०२ आणि बँड ५ ला ०.०१५ आलं तर उत्तर शून्याच्या खाली जातं, म्हणजे तिथे शेवाळ कमी. एवढं हाताने दोन-चार पिक्सेलचं कर आणि मगच कोड लिही, नाहीतर रंगीत नकाशा तयार होतो आणि त्यात काय आहे हे आपल्यालाच सांगता येत नाही. व्हायव्हाला नेमकं तेच विचारतात.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगतो. पाण्यावरून उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला साधारण नव्वद टक्के हवेतून विखुरलेला असतो, पाण्याचा खरा सिग्नल उरलेल्या दहा टक्क्यांत. जमिनीसाठी बनवलेलं वातावरण करेक्शन (साइटवर लेव्हल-२ए नावाने तयार मिळतं ते) पाण्यावर बऱ्याचदा चुकतं. बघण्यापुरतं ठीक आहे पण प्रोजेक्टमध्ये आकडे द्यायचे असतील तर पाण्यासाठी बनवलेलं वापर. बेल्जियममध्ये तयार झालेलं अ‍ॅकोलाइट फ्री आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. दुसरं म्हणजे एप्रिलपासून पुढे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा पाण्यावरची चमक थेट सेन्सरमध्ये जाते, असे सीन ओळखून बाजूला काढ. आणि काठापासून निदान एक-दोन पिक्सेल सोडूनच मोज, शेजारच्या उसाच्या हिरव्याचा प्रकाश पाण्यावर सांडतो आणि शेवाळ नसताना शेवाळ दाखवतो.

गाळाचंही बघ. पहिल्या पावसानंतर गढूळ पाणी आलं की दोन्ही बँड एकदम वर चढतात आणि एनडीसीआय काहीच्या काही बोलायला लागतो. त्या तारखा ग्राफमध्ये ठेवायच्या असतील तर वेगळ्या रंगात ठेव.

प्रश्न: आम्ही क्लीव्हलँडला राहतो. इथे उन्हाळ्यात लेक ईरीच्या शेवाळाच्या बातम्या टीव्हीवर हवामानासारख्या सांगतात. टोलेडोमध्ये पूर्वी पाणी बंद झालं होतं म्हणे. नेमकं काय झालं होतं, आणि असा अंदाज भारतात का देता येऊ नये? (क्लीव्हलँड, ओहायो)

टोलेडोची गोष्ट या विषयातल्या प्रत्येकाने वाचायला पाहिजे अशीच आहे. २ ऑगस्ट २०१४, शनिवार, पहाटे शहराने जाहीर केलं की नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूनही पिऊ नका. शुद्धीकरण केलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिलिटर एक मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघालं होतं. उकळल्याने हे विष मोडत नाही, उलट पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण वाढतं. चार लाखांहून जास्त माणसं, दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या काही तासांत संपल्या, नॅशनल गार्डला पाणी वाटायला यावं लागलं. सोमवारी ४ तारखेला बंदी उठली.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. २०१४ चं शेवाळ ईरीतलं सगळ्यात मोठं अजिबात नव्हतं. तिथे उपग्रहाच्या मोजणीवरून दरवर्षी तीव्रतेचा आकडा काढतात, २०११ ला तो १० होता, २०१५ ला १०.५, आणि २०१४ ला फक्त ६.५. शहर बंद पडलं ते मधल्या वर्षात, कारण वाऱ्याने शेवाळ ढकलत नेऊन शहराच्या पाणी ओढायच्या ठिकाणाशी आणून ठेवलं. तलाव किती टक्के हिरवा हा आकडा बातमीला बरा वाटतो, पण पिणाऱ्या माणसासाठी प्रश्न एवढाच असतो की इनटेकपाशी आज काय आहे आणि उद्या वारा कुठून आहे. म्हणून नोआ ही अमेरिकन सरकारी संस्था नुसता फोटो देत नाही, उपग्रहावरून शेवाळ कुठे आहे ते घेते, त्यावर वारा आणि प्रवाहाचं मॉडेल चालवते आणि पुढच्या काही दिवसांत ते कुठे सरकेल हे सांगते. तुम्ही टीव्हीवर बघता ते हेच.

ईरीचा पश्चिम भाग उथळ आहे, सरासरी खोली साडेसात मीटरसुद्धा नाही, आणि मौमी नदी मका-सोयाबीनच्या शेतातला फॉस्फरस तिथेच आणून सोडते. तुमचं क्लीव्हलँड मधल्या खोऱ्यावर आहे, तिथे त्रास कमी असतो. तरी कुत्रं असेल तर हिरव्या काठावर त्याला पाण्यात सोडू नका, ती अंग चाटतात आणि मरतात, अशा घटना अमेरिकेत झालेल्या आहेत.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. या कामासाठी सगळ्यात चांगला सेन्सर, मेरिस, एन्व्हिसॅट उपग्रहावर होता आणि एप्रिल २०१२ मध्ये त्या उपग्रहाशी संपर्क तुटला. त्याचा वारस सेंटिनेल-३ फेब्रुवारी २०१६ ला गेला. टोलेडो घडलं ते बरोबर या मधल्या चार वर्षांत, जेव्हा मेरिससारखा सेन्सर वर नव्हता आणि नासाच्या मोडिस सेन्सरवर भागवावं लागत होतं. उपग्रह पाठवण्यातला उशीर असा कुठेतरी नळापर्यंत येऊन पोचतो. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे, सायन नावाच्या प्रकल्पात तिथल्या चार सरकारी संस्था मिळून २००० पेक्षा जास्त मोठ्या तलावांवर लक्ष ठेवतात आणि २०१९ मध्ये त्याचं मोबाइल अ‍ॅपही आलं.

भारतात का नाही याचं उत्तर शेवटच्या प्रश्नात देतो, तो सोलापूरहून आलाय आणि मुद्दा तोच आहे.

प्रश्न: आम्ही उजनीत मासेमारी करतो. काही दिवस पहाटे मासे वर तोंड काढून श्वास घेताना दिसतात, काही मरतात. फोटो बघून आधी कळेल का? (भिगवण परिसर)

थोडंफार कळेल. दाट शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळे पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. आणि शेवाळ मरून कुजायला लागलं की अजून वाईट. सेंटिनेल-२ आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमाराला जातो, म्हणजे पहाटेचं त्याला काही दिसत नाही, ऑक्सिजनही दिसत नाही. पण तुमच्या भागात लागोपाठ दोन-तीन फोटोंत दाट हिरवं दिसलं आणि मग ढगाळ, वारा पडलेले दिवस आले तर तो धोक्याचा काळ समजा, पिंजऱ्यात मासे असतील तर विरळ करा, खाद्य कमी टाका. मेलेले मासे बाजारात नेऊ नका, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी तरी सांगतो.

प्रश्न: माझं शेततळं ३० बाय ३० मीटरचं आहे, त्याचं शेवाळ उपग्रहातून बघता येईल का? (सांगोला)

नाही. २० मीटरच्या पिक्सेलने त्यात दोन ठिपके बसतात आणि दोन्हीत काठ येतो. स्वतः बघणंच बरं. पांढऱ्या बादलीत पाणी काढून तासभर सावलीत स्थिर ठेवा, हिरवं वर तरंगून आलं तर बहुतेक नील-हरित, कारण त्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. तळाला बसलं तर दुसरं काही. पक्की खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते, जवळच्या कॉलेजच्या बॉटनीच्या सरांना नमुना दाखवा.

प्रश्न: लोणार २०२० मध्ये गुलाबी झालं ते पण शेवाळच होतं का? (मेहकर)

नाही, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा मिठात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले, गुलाबी रंगद्रव्य त्यांचं. लोणारचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, त्यामुळे गोड्या पाण्याच्या तलावांचे निर्देशांक तिथे लावायचे नाहीत. पण रंग बदलला हे उपग्रहात स्पष्ट दिसलं, मे अखेरचा आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला लँडसॅटचा फोटो शेजारी ठेवा, शंका राहत नाही.

प्रश्न: आम्ही सोलापूरकर उजनीचंच पाणी पितो. उपग्रह फ्री, डेटा फ्री, मग आम्हाला इशारा का मिळू नये? नक्की अडतं कुठे? आणि पावसाळ्यात ढग असतात त्याचं काय? (सोलापूर)

ढगांचं आधी. जून ते सप्टेंबर प्रकाशावर चालणारे उपग्रह जवळजवळ आंधळे असतात, हे मान्यच करायचं. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, त्यात जलपर्णी कळते पण पाण्यात मिसळलेलं शेवाळ कळत नाही. सुदैवाने उजनीचा खरा त्रास ऑक्टोबर ते मे या काळातला, आणि तेव्हा आकाश मोकळं असतं, दर पाच दिवसांनी फोटो मिळतो.

अडतं ते बाटलीपाशी. उपग्रह एनडीसीआय ०.२५ सांगतो, पण उजनीत ०.२५ म्हणजे लिटरमागे किती मायक्रोग्रॅम क्लोरोफिल हे उजनीचं पाणी मोजूनच ठरवावं लागतं. ईरीचं किंवा चीनच्या ताइहू तलावाचं समीकरण उचलून इथे लावलं तर चुकणार, इथला गाळ वेगळा, पाण्याचा मूळ रंग वेगळा. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने ठरलेल्या जागी महिन्याच्या हिशोबाने घेतं. तो नमुना १२ तारखेला घेतला आणि उपग्रह १६ ला गेला तर मधल्या चार दिवसांत वाऱ्याने सगळं इकडचं तिकडे केलेलं असतं, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आणि एकमेकांशी जुळवायला निरुपयोगी. उपग्रह कोणत्या तारखेला जाणार हे आधीपासून जाहीर असतं. नमुन्याची तारीख त्याला बांधून घ्या, एवढंच मागणं आहे, त्याला नवी मशीन लागत नाही.

आणि हे काम फक्त सरकारनेच करावं असंही नाही. सोलापूर, बारामती, इंदापूर, करमाळा या भागात सायन्स कॉलेजं आहेत. उपग्रह जाण्याच्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळात बोटीने काठापासून शंभर मीटर तरी आत जायचं, मोबाइलवर जीपीएस नोंदवायचं, पांढरी-काळी सेकी चकती सोडून किती खोलीपर्यंत दिसते ते लिहायचं, एक लिटर पाणी गडद बाटलीत भरून बर्फात ठेवायचं आणि त्याच दिवशी लॅबमध्ये गाळून क्लोरोफिल काढायचं. वारा होता का, तवंग होता का, जवळ जलपर्णी होती का हे वहीत लिहायचं. एका हंगामात असे वीस-तीस चांगले बिंदू जमले तर उजनीचं स्वतःचं समीकरण निघू शकतं. मग फोटो आला की इनटेकच्या भागाचा आकडा त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला देता येईल, आणि शुद्धीकरण केंद्रातल्या माणसाला आधीच कळेल की उद्या क्लोरीन कसं वापरायचं, कारण जिवंत पेशींवर सुरुवातीलाच जोरात क्लोरीन मारलं तर त्या फुटतात आणि आतलं विष पाण्यात सुटतं. मायक्रोसिस्टिनची तपासणी रोज करणं महाग आहे, पण आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की त्या दिवशी करायची, एवढं परवडतं.

ज्या कॉलेजांना हे सुरू करायचं असेल त्यांनी आम्हाला कळवा, पुढच्या अंकात उपग्रहाच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखा आणि नोंदवहीचा नमुना छापतोय.